चार्जिंग दाराशी, माणसं आत झोपेत : बॅटरीच्या आगीत जीव का जातात?

पालम : तालुक्यातल्या कोणत्याही गावात रात्री दहाच्या पुढं चक्कर मारा, घराघरात एक चित्र सारखंच दिसतं. दाराजवळच्या बोर्डाला तीन-चार वायरी लटकलेल्या. एक मोबाईलची, एक डोक्याला बांधायच्या लाईटची, एक फवारणी पंपाची आणि आता काही घरात इलेक्ट्रिक गाडीची. बोर्डाखाली गाडी उभी, गाडीच्या पलीकडं बाज, बाजेवर आजी आणि तिच्या कुशीत नातू. रात्रभर लावून ठेवलं की सकाळी सगळं फुल. कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण बहुतेक रात्री काहीच होत नाही.

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात झालं. दाणा बाजारातल्या एका इमारतीत खाली कपडे शिवायचं दुकान आणि वर राहती घरं. पहाटे चारच्या सुमारास दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण गेले. त्यात दोन लहान लेकरं होती. चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक दुचाकीपासून आग लागल्याची माहिती त्या दिवशी बातम्यांतून पुढं आली. पण त्या दिवसाची दुसरी एक गोष्ट जास्त लक्षात ठेवण्यासारखी आहे. आगीच्या ज्वाळा त्या कुटुंबापर्यंत पोचल्याच नव्हत्या. सातही जण धुरानं गुदमरून गेल्याचं पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितलं.

आपल्याकडं या घटनेची चर्चा दोन दिवस झाली आणि 'इलेक्ट्रिक गाडी घेऊ नये बाबा' एवढ्यावर संपली. खरं तर प्रश्न गाडीचा कमी आणि चार्जिंगच्या जागेचा अन् वेळेचा जास्त आहे.

पहाटेचीच वेळ का?

गेल्या काही वर्षांतल्या घटना एका रांगेत मांडून पाहिल्या की हे ध्यानात येतं. एप्रिल २०२२ मध्ये तेलंगणातल्या निजामाबादला एका घरात गाडीची बॅटरी काढून बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावली होती. निजामाबाद म्हणजे काही लांबचा मुलूख नाही, नांदेडच्या पलीकडं, आपली गोदावरी महाराष्ट्र सोडून जिथं तेलंगणात शिरते तोच जिल्हा. मध्यरात्री लावलेली बॅटरी पहाटे चारच्या सुमारास फुटली. त्याच खोलीत झोपलेले ८० वर्षांचे आजोबा गेले. काहीच दिवसांनी विजयवाड्यात तसंच घडलं. तिथं बॅटरी झोपायच्या खोलीत होती, वेळ पहाटेची, आणि घरातला कर्ता माणूस गेला. त्याच्या आधी मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरला रात्री चार्जिंगला लावलेल्या गाडीनं पेट घेतला आणि बाप-लेक धुरानं गुदमरून गेले.

सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर जिल्ह्यातल्या वसईला, सात वर्षांचा मुलगा आजीजवळ पुढच्या खोलीत झोपला होता. त्याच खोलीत गाडीची बॅटरी चार्जिंगला होती. पहाटे ती फुटली. मुलगा फार भाजला आणि आठवडाभरात दवाखान्यात गेला.

गावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, गाड्याही वेगळ्या. सारखं काय आहे तर रात्रीची वेळ, माणसं झोपलेली, आणि बॅटरी राहत्या घरात. आणखी एक गोष्ट पाहा. गेलेल्यांत म्हातारी माणसं आणि लेकरं बरीच आहेत. आपल्या घरात पुढच्या खोलीत, ढाळजेत, ओसरीवर कोण झोपतं? आजा, आजी आणि त्यांच्याजवळ नातवंडं. अन् चार्जिंगचा बोर्डही तिथंच असतो.

पहाटेचं गणित अवघड नाही. दुचाकीची बॅटरी पूर्ण भरायला साधारण तीन ते पाच तास लागतात. जेवणं-खाणं उरकून, अकरा-बारा वाजता वायर लावली तर तीन-चार वाजेपर्यंत बॅटरी काठोकाठ भरते. चार्जरनं त्या वेळी आपोआप थांबायला पाहिजे. तो थांबला नाही, किंवा बॅटरीतल्या एखाद्या सेलमध्ये आधीच दोष असला, तर भरलेल्या अवस्थेतच तो सगळ्यात जास्त धोक्याचा असतो. आणि नेमकं तेव्हा पाहायला कुणी जागं नसतं.

डब्यात असतं तरी काय

गाडीची बॅटरी ही एक बॅटरी नसते. बोटाएवढ्या, टॉर्चच्या सेलसारख्या दिसणाऱ्या कितीतरी सेलांचा तो गठ्ठा असतो. प्रत्येक सेलमध्ये दोन पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या, त्यांच्या मधे प्लास्टिकचा कागदासारखा पडदा, आणि सगळं एका रसायनात भिजलेलं. हे रसायन पेट घेणारं असतं. शिशाच्या बॅटरीत पाणी आणि ॲसिड असतं, तिथं हा प्रकार नाही. म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीचा अनुभव इथं कामाला येत नाही.

बॅटरी आपटली, दबली, पाणी शिरलं, जास्त भरली गेली, नाहीतर बनवतानाच खोट राहिली, तर तो मधला पडदा फाटतो किंवा वितळतो. दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात, सेल तापतो. एका मर्यादेपुढं गेला की बाहेरून वीज बंद केली तरी तो आपल्याच उष्णतेनं तापत जातो. शेजारचा सेल पेटतो, मग त्याच्या शेजारचा. गंजीला लागावी तसं. फरक एवढाच की गंजीची आग हवा तोडली तर दबते, इथं सेलच्या आतल्या रसायनातूनच प्राणवायू सुटत असतो. म्हणून वाळू टाकून, गोधडी टाकून ही आग हमखास विझत नाही.

ताकदीचा अंदाज हवा असेल तर लाईट बिलातल्या युनिटमध्ये मोजा. मोबाईलच्या ५००० एमएएचच्या बॅटरीत एका युनिटचा साधारण पन्नासावा भाग वीज मावते. तीन युनिटची गाडीची बॅटरी म्हणजे दीडशे मोबाईल एका डब्यात. मोबाईलही काही निरुपद्रवी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये भंडारा-गोंदियाकडं गाडीवर चाललेल्या एका शिक्षकाच्या खिशात मोबाईल फुटला आणि त्यांचा जीव गेला. पण मोबाईल फुटला तर अंगावरच्या माणसाला धोका, गाडीची बॅटरी फुटली तर घरातल्या सगळ्यांना.

आता कुणी म्हणेल, पेट्रोल काय कमी पेटतं? बरोबर आहे. घरात पेट्रोलचा कॅन ठेवणं हाही मूर्खपणाच. पण पेट्रोलची टाकी आपण घरात झोपलेलो असताना रात्रभर भरत नाही.

कायदा कुठं थांबतो

२०२२ च्या उन्हाळ्यात लागोपाठ गाड्या पेटल्या तेव्हा केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी कंपन्यांना कडक शब्दांत सुनावलं, तज्ज्ञांची समिती बसली आणि बॅटरीचे नियम बदलले. 'एआयएस १५६' नावाच्या मानकातली नवी कलमं १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशी दोन टप्प्यांत लागू झाली. बॅटरीचा डबा पाण्यात बुडाला तरी आत पाणी जाता कामा नये, सेलांमध्ये अंतर हवं, तापमान ओळखणारे सेन्सर हवेत, एक सेल तापला तर चालवणाऱ्याला इशारा मिळाला पाहिजे, चार्जर वेळेवर बंद झाला पाहिजे, असं त्यात आहे. नंबर प्लेट लागणाऱ्या, त्या तारखेनंतर बनलेल्या गाडीला हे सगळं लागू. चांगला नियम आहे, आणि नव्या गाड्या जुन्यांपेक्षा बऱ्या आहेत हेही मान्य करावं लागेल.

गावात मात्र गोष्ट दुसरीकडून येते. एक तर २५० वॅटच्या आतली मोटार आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेल्या गाडीला ना नोंदणी लागते, ना लायसन्स, ना विमा. स्वस्त पडते, पोलीस अडवत नाहीत, शाळेत जाणाऱ्या पोरीला चालवता येते, म्हणून ती खपते. अशी गाडी घेणाऱ्यानं आत कोणती बॅटरी आहे हे विचारायचं असतं, पण दुकानात चौकशी होते ती एका चार्जिंगला किती किलोमीटर पळते याचीच.

दुसरं, जुनी गाडी. तीन-चार वर्षांत बॅटरी उतरते. कंपनीची नवी घ्यायची म्हटलं तर तिचा आकडा ऐकून माणूस परत फिरतो आणि 'बांधून देणाऱ्या'कडं जातो. तिथं सेल जोडून तसाच डबा तयार करून मिळतो, निम्म्या-पाऊण पैशांत. सेल नवे का जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. नवे-जुने सेल एकत्र केले की कमजोर सेल आधी भरतो, आधी रिकामा होतो, आधी तापतो. सगळ्या सेलांवर लक्ष ठेवणारी एक छोटी पट्टी डब्यात असते, तिला बीएमएस म्हणतात. बैलगाडीला जसा कासरा, तशी बॅटरीला ही पट्टी. बांधून घेतलेल्या बॅटरीत ती हलकी असते किंवा काही वेळा नसतेच. सगळे कारागीर वाईट काम करतात असं नाही, पण त्यांचं काम तपासणारं कुणी नाही हे खरं. दिल्लीत केलेला नियम कारखान्याच्या दारापर्यंत पोचतो, गल्लीतल्या टेबलापर्यंत पोचत नाही.

फवारणी पंपाचा चार्जर

तालुक्यात इलेक्ट्रिक गाड्या अजून मोजक्या आहेत. चार्जिंगचा पंप मात्र सोयाबीन-कापूसवाल्या बहुतेक घरांत आहे. २०२४ मध्ये महाडीबीटीवर अर्ज मागवून बॅटरीवरचे पंप अनुदानावर वाटले गेले, तेव्हापासून तर आणखी वाढले. यातल्या बऱ्याच पंपांत १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. ती जड असते, एखाद्या वर्षात बसते, मग दुकानदार सुचवतो की लिथियमची टाका, हलकी आहे, जास्त टाक्या मारते. हे खोटं नाही. पण इथं एक चूक सर्रास होते. बॅटरी बदलते आणि चार्जर जुनाच राहतो.

शिशाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढवतो. तीन सेलांची लिथियम बॅटरी १२.६ व्होल्टला पूर्ण भरते, म्हणजे एका सेलला ४.२. तिला जुना चार्जर लावला तर एकेका सेलवर ४.८ व्होल्टचा दाब येतो. बीएमएस चांगली असेल तर ती अडवते, हलकी असेल किंवा जळाली असेल तर अडवणारं कुणीच नाही. दुसऱ्या जातीची, लोह-फॉस्फेटची लिथियम बॅटरी असते. तिचे चार सेल मिळून १४.६ व्होल्टला भरतात, ती उष्णताही जास्त सहन करते आणि सहजी पेटत नाही. नवी टाकायचीच असेल तर हीच मागावी. पण बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात. म्हणून बॅटरी बदलताना तिच्यासोबतचाच चार्जर घ्यायचा, त्यावरचा व्होल्टचा आकडा बॅटरीवरच्या आकड्याशी जुळवून पाहायचा, आणि जुना चार्जर घरात ठेवायचाच नाही. ठेवला की एखाद्या दिवशी घाईत कुणीतरी तोच लावतं. पिन तर सगळ्यांना सारखीच बसते, तीच खरी अडचण आहे.

झटका मशीनचंही असंच. रानडुकरांपायी रात्र-रात्र चालणारं हे मशीन, त्याची बॅटरी दिवसा घरी आणून चार्जिंगला लावायची पद्धत आहे. बॅटरी शिशाची का लिथियमची, हे एकदा झाकण उघडून पाहून घेतलं तर बरं. शिशाची असली तरी चार्जिंग होताना पेट घेणारा वायू सुटतो, तेव्हा चुलीच्या खोलीत ती नकोच.

पंपाला औषधाचं पाणी लागतं, टाकी गळते, बॅटरीच्या कप्प्यात ओल जाते. फवारून आल्यावर पंप तसाच भिंतीला टेकवून वायर लावण्याआधी कप्पा कोरड्या फडक्यानं पुसायला दोन मिनिटं लागतात.

उन्हाळा, पत्रे आणि लाईट

परभणीचा मे महिना कुणाला सांगायला नको. बाहेर पारा चव्वेचाळीसला गेला की पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त होतं. लिथियम बॅटरी चार्ज करायची तापमानाची वरची मर्यादा बहुतेक कंपन्या ४५ अंश देतात. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली, उन्हातून आत्ताच आणलेल्या गाडीला वायर लावली तर मर्यादा आधीच ओलांडलेली असते. गाडी सावलीत तासभर निवू द्यावी, मगच लावावी. सकाळची वेळ सगळ्यात चांगली. घरातलं माणूस जागं असतं, हवा थंड असते.

यावर शेतकरी विचारेल की लाईट असते तरी कधी? प्रश्न रास्त आहे. शेतीची लाईट आठ तास, तीही आठवड्याच्या पाळीनं रात्री. गावठाणातली लाईटही भरवशाची नाही, पावसाळ्यात वारं सुटलं की गेली. रात्री आली की माणूस आधी वायर लावतो, पुन्हा जाईल म्हणून. ही सवय आळसातून आलेली नाही, टंचाईतून आलेली आहे. लोकांना नुसतं 'रात्री चार्जिंग करू नका' सांगून उपयोग नाही, दिवसा पुरेशी वीज मिळाली तर निम्मं काम आपोआप होईल.

तोपर्यंत एवढं करता येतं. पूर्ण भरायचा हट्ट सोडायचा. रोज शेत-घर एवढंच फिरणाऱ्याला ८० टक्के पुष्कळ झाले आणि त्यानं बॅटरीचं आयुष्यही वाढतं. संध्याकाळी जेवायच्या वेळी लावायची, झोपताना काढायची. लाईट गेली तर प्लग काढून ठेवायचा आणि आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून लावायचा. डीपीवर न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी तीन-चारशे व्होल्ट येतात, टीव्ही जळतात ते यामुळंच. हलका चार्जर अशा झटक्यात आतून जळतो आणि बाहेरून धड दिसतो. गुंडाळलेल्या एक्स्टेंशनवर, त्यात पुन्हा थ्री-पिनची टोपी काढून दोन पिना खुपसून गाडी चार्ज करणं बंद केलं पाहिजे. गाडीला १५ ॲम्पिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि अर्थिंग हवंच. हजार-दीड हजाराचं काम आहे, दोन टाक्या पेट्रोल वाचलं की निघून येतं.

दाराचा प्रश्न

सगळ्यात अवघड मुद्दा जागेचा. घरकुलाचं घर २६९ चौरस फुटांचं. एक खोली, एक दार, खिडकीला गज. गाडी बाहेर ठेवावी तर चोरीची भीती, आत ठेवावी तर ती दारातच मावते. चार्जिंगचा पॉइंटही दाराशेजारीच. दारातली गाडी पेटली तर आतल्या माणसाला बाहेर पडायला दुसरी वाट राहत नाही. छावणीत खाली पेटलं आणि वरची माणसं गेली, त्याचा आपल्या घरातला नमुना हाच.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्कची गोष्ट इथं उपयोगी पडते. गावाचा आणि त्या शहराचा काय संबंध, असं वाटेल. पण तिथंही डबे पोचवणारी गरीब पोरं एका खोलीत राहतात आणि ई-सायकल दारातच लावतात. २०२३ मध्ये तिथं लिथियम बॅटरीच्या २६८ आगी लागल्या, १८ माणसं गेली. त्या वर्षी सप्टेंबरपासून प्रमाणपत्र नसलेल्या बॅटरीच्या गाड्या विकायला शहरानं बंदी घातली. अग्निशमन दलानं एकच धोशा लावला, बाहेर पडायच्या दाराजवळ आणि झोपेत चार्जिंग करू नका, जमेल तर घराबाहेर करा. २०२४ मध्ये आगी २७७ लागल्या, म्हणजे कमी झाल्या नाहीत. मृत्यू मात्र ६ वर आले. सगळं श्रेय एकाच गोष्टीला देता येणार नाही, पण बॅटरी पेटली तरी माणूस वाचू शकतो एवढं यावरून दिसतं.

आपल्याकडं बाहेर म्हणजे कुठं? ओसरीच्या टोकाला, न्हाणीच्या भिंतीला, गोठ्यापासून आणि कडब्यापासून लांब, पत्र्याच्या आडोशाखाली. पॉइंट बाहेर काढायचा, त्याला झाकणाची पेटी बसवायची, चाकाला साखळी घालायची. बॅटरी निघणारी असेल तर ती काढून फरशीवर किंवा दगडावर ठेवायची. गादीवर, पोत्यावर, कापसाच्या ढिगाजवळ नको. कापूस घरात साठवायच्या दिवसांत तर घरात मोबाईल चार्ज करतानाही जागा पाहून करावा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला हे जमत नाही. अशा लोकांसाठी ग्रामपंचायतीनं आपल्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला दोन-चार पॉइंट आणि मीटर लावून दिलं, तर खर्च मोठा नाही. ग्रामसभेत रस्ता-नाल्यांच्या यादीत हा विषय कुणीतरी घालायला हवा.

पेटलीच तर

आधी फुस्स आवाज येतो, वेगळाच उग्र-गोडसर वास येतो, पांढरा धूर निघतो. डबा फुगलेला दिसतो. ही खूण दिसली की वेळ सेकंदात मोजायची. पहिली माणसं बाहेर, म्हातारी आणि लेकरं आधी. वाटेतच मेन स्विच असेल तर पाडावा, त्यासाठी मागं फिरू नये. गाडी ओढून बाहेर काढायला जाऊ नये, त्यात हात आणि तोंड भाजतं. बाहेर पडताना दार ओढून घ्यावं. त्या धुरात विषारी वायू असतात, तोंडाला फडकं बांधून आत शिरणं म्हणजे दुसरा बळी. १०१ किंवा ११२ ला फोन करून 'लिथियम बॅटरीची आग आहे' हे शब्द सांगावेत.

छोटी वस्तू असेल, मोबाईल किंवा पॉवर बँक, तर वीज बंद करून लांबून भरपूर पाणी ओतावं. पाणी सेल थंड करतं. विझली म्हणून लगेच उचलू नये, काही तासांनी पुन्हा पेटते. अंगणात उघड्यावर ठेवावी.

भाजलेल्या जागेवर साधं वाहतं पाणी वीस मिनिटं सोडावं आणि १०८ बोलवावी. हळद, शाई, टूथपेस्ट लावू नये, डॉक्टरांना आधी ते खरवडावं लागतं.

आपल्याकडं मदत यायला वेळ लागतो हे धरूनच चालायचं. लेंडीला पूर आला की फळा, आरखेड, सोमेश्वर, घोडा, उमरथडीचा रस्ता बंद पडतो. तेव्हा बंबही येणार नाही आणि रुग्णवाहिकाही नाही. पुराच्या पाण्यात भिजलेली गाडी तर वाळली म्हणून चार्जिंगला लावायचीच नाही. आत ओल राहते आणि दोन-चार दिवसांनी सेल पेटू शकतो. आधी मेकॅनिकला दाखवायची.

बिल आणि भंगार

घेताना दोन गोष्टी तपासता येतात. पॉवर बँक, मोबाईलचा चार्जर, त्यातले सेल यांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर 'आर' अक्षर आणि पुढं आठ आकडे असतात. 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपवर तो नंबर टाकला की खरा-खोटा कळतो. मोबाईल सगळ्यांकडं आहेच, दुकानात उभ्या उभ्या पाहता येतं. नंबर नाही, किंवा टाकल्यावर भलत्याच वस्तूचं नाव आलं, तर ती वस्तू परत द्यावी.

दुसरी गोष्ट पक्कं बिल. बॅटरी बांधून घेतली तरी बिल मागावं, त्यावर किती व्होल्ट, किती ॲम्पिअर-तास, कोणत्या जातीचे सेल, किती महिन्यांची हमी हे लिहून घ्यावं. लिहून द्यायला जो तयार नाही, त्याचं काम कसं असेल हे तिथंच कळतं. सदोष मालानं नुकसान झालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बनवणारा, विकणारा आणि दुरुस्त करणारा अशा तिघांवरही जबाबदारी येते. तक्रार परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करायची. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो. जळालेली वस्तू फेकू नये, फोटो काढून ठेवावी, तोच पुरावा.

राहिली जुनी बॅटरी. फुगलेला मोबाईलचा सेल लेकरं सुईनं टोचून पाहतात, उकिरड्यात टाकलेला सेल कचऱ्याबरोबर पेटवला जातो. भंगारवाला किलोवर घेतो आणि हातोडीनं फोडतो, त्यात त्याचंच तोंड भाजायचं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी गोळा करून तिची विल्हेवाट लावायची जबाबदारी ती बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीवर टाकली आहे. तेव्हा नवी घेताना जुनी दुकानदाराकडं द्यायची आणि तो घेत नसेल तर बिलावर छापलेल्या कंपनीच्या नंबरवर फोन करायचा. तोवर तिची टोकं चिकटपट्टीनं झाकून, पत्र्याच्या रिकाम्या डब्यात कोरडी वाळू घालून ती घराबाहेर सावलीत ठेवावी.